ज्येष्ठांसाठी स्वयंपाकवर्ग : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ज्येष्ठांसाठी म्हणून भरवलेले स्वयंपाकवर्ग बहुधा एकाच पद्धतीने फसतात. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, पुढच्या टेबलावर एखाद्या सुगरण बाई तीन पदार्थ करून दाखवतात, समोरचे वहीत साहित्य आणि कृती उतरवून घेतात आणि शेवटी द्रोणातून चव घेऊन सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी कोणीही स्वतःच्या घरी शेगडी पेटवत नाही. ज्या बाईंनी चाळीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, त्यांना कृती सांगण्याची गरजच नव्हती. मोतीबिंदू, गुडघे, हाताचा कंप, एकदा करपलेले दूध, किंवा मुलाकडे राहायला आल्यावर बदललेला ओटा यांपैकी कशाने तरी त्यांचा हात थांबला होता, आणि त्या कारणाकडे वर्गात कोणी पाहिलेच नाही. पत्नीच्या पश्चात एकटे राहिलेल्या काकांची अडचण आणखी निराळी असते. त्यांना चहापलीकडे काही येत नसते आणि ते चारचौघांत कबूल करायचे नसते.

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींमध्ये आणि घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलांमध्ये असे वर्ग भरवताना आम्ही ज्या चुका केल्या आणि मग दुरुस्त केल्या, त्यांतून तयार झालेला क्रम पुढे दिला आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीची समिती किंवा नवी मुंबईतील विरंगुळा केंद्रात काम करणारे स्वयंसेवक यांना तो वापरता येईल. टप्प्यांची अदलाबदल करू नये, कारण प्रत्येक टप्प्याची गरज पुढच्या टप्प्यात लागते.

१. आधी घरचा ओटा पाहावा

वर्गाची जाहिरात लावण्यापूर्वी इच्छुकांच्या घरी जाऊन त्यांचे स्वयंपाकघर पाहणे हे पहिले काम आहे. अर्धा तास पुरतो. चहा मागावा आणि तो त्यांनाच करू द्यावा. लायटर कोणत्या हाताने धरतात, पातेले खालच्या कपाटातून काढताना वाकता येते का, साखरेचा डबा शोधताना लेबल वाचतात की झाकण उघडून पाहतात, गॅस बंद झाला की नाही हे पुन्हा वाकून बघतात का, या सगळ्याची नोंद चहा पिताना होते. प्रश्न विचारून ही माहिती मिळत नाही, कारण ‘सगळं जमतं हो’ हे उत्तर ठरलेले असते.

नोंद करायच्या गोष्टी अशा : शेगडी सिलिंडरवर चालते की नळाच्या गॅसवर, शेगडीचे बर्नर लायटरने पेटतात की बटण दाबून आपोआप, ओट्याची उंची किती, दिवा कुठे आहे, रोजची भांडी आणि डबे कोणत्या उंचीवर आहेत. दिव्याकडे विशेष लक्ष द्यावे. ट्यूब बहुतेक घरांत छताला किंवा मागच्या भिंतीला असते, त्यामुळे ओट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची सावली नेमकी चिरायच्या जागेवर पडते. वरच्या कपाटाच्या खाली एक पातळ एलईडी पट्टी बसवली की ही अडचण त्याच दिवशी संपते. आमच्याकडे आलेल्या एका काकूंना कांदा चिरण्याची भीती वाटत होती, आणि त्यामागचे अर्धे कारण ही सावली होती.

नव्या संकुलांतील मोड्युलर स्वयंपाकघरांत रोजच्या वस्तू डोक्याच्या वरच्या कपाटांत गेलेल्या असतात. कंबर ते खांदा या उंचीत न मावणारी प्रत्येक रोजची वस्तू खाली आणून ठेवावी.

सावधान : स्टुलावर चढून डबा काढण्याची सवय असल्यास ती मोडल्याशिवाय वर्गात घेऊ नये. भाजलेली बोटे बरी होतात, खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

२. चौघांचा गट आणि प्रकृतीची नोंद

एका गटात चारच जण घ्यावेत आणि दर दोघांमागे एक मदतनीस असावा. नावे जास्त आल्यास दुसरा गट करावा, पण पाचवी खुर्ची टाकू नये. पाचवा माणूस बघ्या होतो आणि बघायलाच यायचे असेल तर दूरदर्शन पुरेसा आहे.

प्रत्येकाकडून पुढील गोष्टी एकांतात विचारून लिहून ठेवाव्यात.

मधुमेह आहे का, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. अशा व्यक्तीने उपाशी येऊ नये. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळ दिसल्यास आणि व्यक्ती शुद्धीवर असल्यास तीन छोटे चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना कमी होते, त्यामुळे तापलेल्या भांड्याला हात लागूनही चटका कळत नाही, हेही मदतनिसाला माहीत हवे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. असल्यास लहानशा कापण्याचेही रक्त लवकर थांबत नाही. शिवाय यांपैकी वॉरफरिन नावाची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये किंवा बंद करू नये. काय चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून यावे.

पेसमेकर आहे का. असल्यास चालू इंडक्शन शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून त्यांना गॅसवरच शिकवावे.

मूत्रपिंडाचा त्रास आहे का. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकले जाते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. वर्गात आरोग्याच्या नावाखाली असे मीठ सरसकट वापरणे ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे.

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या व्यक्तीला या गटात घेऊ नये. तिच्यासाठी स्वयंपाक नेहमी कोणाच्या तरी सोबतीनेच व्हायला हवा, आणि वर्गाचे उद्दिष्ट तर एकट्याने शेगडी पेटवता येणे हे आहे.

आणखी एक लहान गोष्ट. बासष्ट वर्षांच्या बाईंना ‘आजी’ म्हणून हाक मारली की त्या पुढच्या वेळी येत नाहीत. काकू, मावशी, ताई की नुसते आडनाव, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

३. घरच्यांशी बोलणी

ही पायरी आम्ही पहिल्या दोन्ही गटांत गाळली आणि दोन्ही गट त्यामुळेच फुकट गेले. वर्गात नीट खिचडी करणाऱ्या काकूंना घरी गेल्यावर सून म्हणत असे, ‘आई, राहू द्या, मी करते ना.’ तिच्या मनात माया होती, भीती होती, आणि थोडी ओट्यावरच्या पसाऱ्याची काळजीही होती. तिन्ही खऱ्या होत्या. पण ओटा एकच आणि सकाळची वेळही एकच, म्हटल्यावर सासूबाई मागे सरल्या.

म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसांबरोबर पंधरा मिनिटे बसून तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, ओट्याजवळचा एक कप्पा किंवा खण फक्त त्यांचा. त्यातले डबे दुसऱ्या कोणी हलवायचे नाहीत. दुसरी, दिवसातला एक ठरावीक तास त्यांचा. मुले कामावर आणि कामवाली बाई परत गेल्यावरची साडेदहा ते साडेअकरा ही वेळ ठाण्यातल्या घरांत बहुधा मोकळी असते. तिसरी, त्या एका तासात त्यांनी मागितल्याशिवाय मदत करायची नाही आणि जेवताना मिठाविषयी शेरा मारायचा नाही. तिसरी अट ऐकायला किरकोळ वाटते, पण ती पाळणे घरच्यांना सर्वांत जड जाते.

मुलाला खरोखर भीती वाटत असेल तर ती थट्टेवारी नेऊ नये. कोणते काम एकट्याने आणि कोणते घरात कोणी असतानाच, याची यादी त्याच्यासमोर करावी. तळण या यादीत शेवटपर्यंत ‘कोणी असतानाच’ या बाजूला राहू द्यावे.

तपासणी : घरच्यांपैकी एकाने ‘कप्पा कोणता’ याचे उत्तर बोट दाखवून दिले, तरच बोलणी पूर्ण झाली असे समजावे.

४. जागा, शेगड्या आणि वेळ

जागा तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतली, कमोडचे स्वच्छतागृह जवळ असलेली आणि दोन बाजूंनी हवा खेळणारी हवी. फरशी ओली झाल्यावर घसरडी होत असेल तर पावसाळ्यात तिथे वर्ग घेऊ नये. छत्र्या बाहेरच ठेवण्याची सोय करावी. बसून चिरता येईल असे भक्कम टेबल आणि हात असलेल्या चार खुर्च्या लागतील.

पेसमेकर असलेल्यांचा अपवाद सोडला तर शेगडीच्या बाबतीत एकच नियम पाळावा : घरी जशी शेगडी आहे, तशाच शेगडीवर शिकवावे. इंडक्शन सुरक्षित म्हणून सर्वांना इंडक्शनवर बसवण्याचा मोह होतो, पण घरी गॅस असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. शिवाय इंडक्शनला सपाट तळाचे, चुंबक चिकटेल असे भांडे लागते, त्यामुळे घरातली ॲल्युमिनियमची पातेली निरुपयोगी ठरतात. विजेचेही गणित असते. एक शेगडी पूर्ण क्षमतेवर सुमारे २००० वॉट घेते आणि १६ अँपियरच्या सॉकेटवर साधारण ३६०० वॉटपर्यंतच भार टाकता येतो. एका सॉकेटला एक्स्टेन्शन लावून दोन शेगड्या चालवल्या की आधी एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारा खटका, पडतो आणि तो नसेल तर वायर तापते.

चौघांसाठी दोन बर्नरच्या दोन गॅस शेगड्या पुरतात. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी, रबरी नळी पूर्ण दिसेल अशी असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत तपासावी. सिलिंडरची शेगडी नळाच्या गॅसवर किंवा उलट तशीच जोडू नये. बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे, म्हणजे जेट, वेगळे असतात आणि ते तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावे लागतात.

वर्ग आठवड्यातून दोनदा, दीड तासाचा, एकूण चार आठवडे असा ठेवावा. सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ सोयीची, कारण केलेला पदार्थ तिथेच जेवणाच्या वेळेला खाता येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि एप्रिल-मेमध्ये तासभरापेक्षा जास्त उभे ठेवू नये.

पेहराव : पदर किंवा ओढणी खोचलेली, बाह्या कोपराच्या वर, कापड सुती. घरात सर्रास वापरला जाणारा पॉलिएस्टरचा सैल गाऊन शेगडीपाशी सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच घालून सकाळचे दूध तापवले जाते. हे एकदा सांगून भागत नाही, दर वेळी सांगावे.

५. पहिले दोन दिवस विस्तवाशिवाय

पहिल्या दिवशी शेगडी पेटवायचीच नाही. काकडीची कोशिंबीर करायची आणि तीही बसून.

सुरी हा इथला अवघड भाग आहे. आजच्या सत्तरीतल्या अनेक बायकांचा हात विळीवर बसलेला आहे. त्यांना सुरी धरता येत नाही हे त्या सांगत नाहीत, आणि आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. विळी टेबलावर ठेवून वापरण्याचा प्रयत्न हमखास होतो. तो थांबवावा, कारण पायाखाली पाट दाबलेला असतो म्हणूनच विळी स्थिर राहते, टेबलावर ती कलंडते. सुरी शिकवताना हालचालीची दिशाच बदलते हे लक्षात घ्यावे : विळीवर भाजी पात्याकडे जाते, सुरीत पाते भाजीकडे येते. ही उलटापालट हाताला कळायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो.

क्रम असा ठेवावा. चॉपिंग बोर्डाखाली ओले फडके पसरावे म्हणजे तो सरकत नाही. काकडी आधी उभी चिरून तिचे दोन भाग करावेत आणि सपाट बाजू खाली ठेवावी. गोल वस्तू गोल असतानाच चिरू नये. डाव्या हाताची बोटे आत मुडपून घ्यावीत. सुरी धारदार असावी, कारण बोथट सुरी जोर लावायला लावते आणि घसरते. मूठ बारीक वाटत असेल तर तिच्यावर फडक्याची पट्टी घट्ट गुंडाळून ती जाड करावी; संधिवात असलेल्या हाताला याने मोठा फरक पडतो.

दृष्टी कमी असलेल्यांसाठी दोन बोर्ड ठेवावेत. कांदा, मुळा, काकडी यांसाठी गडद रंगाचा, आणि पालेभाजी, टोमॅटो, गाजर यांसाठी पांढरा. कोथिंबीर आणि मिरची सरळ स्वयंपाकाच्या कात्रीने कापावी. त्यात कमीपणा मानू नये.

दुसऱ्या दिवशी कांदा, टोमॅटो आणि एक भाजी. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांना किसणी द्यावी, पण भाजीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन किसू देऊ नये. तो तसाच खाऊन टाकावा.

तपासणी : दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस प्रत्येकाने न थांबता एक मध्यम कांदा चिरलेला असावा. तुकड्यांचा आकार पाहू नये, बोटांची ठेवण पाहावी. जमले नसेल तर त्या व्यक्तीसाठी तिसरा दिवसही याच कामाचा.

६. तिसरा दिवस : पेटवणे आणि विझवणे

या दिवशी चहा किंवा दूध, एवढेच. बहुतेकांची भीती पेटवण्यापेक्षा ‘बंद केला की नाही’ याची असते, म्हणून धडा शेवटापासून सुरू करावा. आधी विझवणे शिकवावे.

बटणाच्या ‘बंद’ जागेवर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका द्यावा आणि त्याच्या समोर शेगडीवर दुसरा. दोन ठिपके जुळले की बंद. नळाच्या गॅसला शेगडीजवळ आणखी एक कॉक असतो. त्याची दांडी पाइपाला समांतर असेल तर चालू आणि काटकोनात असेल तर बंद. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर. स्वयंपाक झाल्यावर प्रथम बर्नर, मग कॉक किंवा रेग्युलेटर, आणि मग मोठ्याने ‘बंद’ असे म्हणायचे. स्वतःचा आवाज ऐकू आला की दहा मिनिटांनी उठून परत पाहायला जावे लागत नाही. सुरुवातीला सगळे हसतात. आठवड्याने सगळे म्हणतात.

पेटवताना पातेले आधी ठेवू नये. लायटर बर्नरजवळ नेऊन मग बटण फिरवावे. तीन वेळा ठिणगी पडून पेटला नाही तर बटण बंद करून मिनिटभर थांबावे.

दूध उतू जाण्याचा प्रसंग मुद्दाम घडवावा. भीती ज्या गोष्टीची आहे ती समोर, मदतनीस शेजारी असताना एकदा होऊ द्यावी : दूध वर येते, बटण फिरवायचे, पातेल्याला हात लावायचा नाही. उतू जाताना पातेले उचलण्याची जी पूर्वापार धडपड असते, तिच्यातूनच मनगटे भाजतात.

सावधान, गॅसचा वास आल्यास : बर्नर आणि रेग्युलेटर बंद करून खिडक्या-दारे उघडावीत, दिव्याचे किंवा एक्झॉस्ट पंख्याचे कोणतेही बटण चालू-बंद करू नये आणि बाहेर येऊन फोन करावा. सिलिंडरच्या गॅससाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते.

७. चौथा दिवस : कुकर

वरण-भात. चाळीस वर्षे कुकर लावलेल्या बायकाही कुकरला घाबरू लागतात, त्याचे एक कारण वजन आणि दुसरे ऐकू न येणे. कुटुंबाचा पाच लिटरचा कुकर भरल्यावर अशक्त मनगटाला पेलत नाही. दोन किंवा तीन लिटरचा आणावा. शिट्ट्या मोजण्याची पद्धत ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बंद करावी. पहिल्या शिट्टीनंतर, ती वाफेच्या फवाऱ्यानेही दिसते, आच मंद करून मोबाइलवर किंवा टायमरवर मिनिटे लावावीत. अर्धा तास भिजवलेल्या तुरीच्या डाळीला मंद आचेवर दहा मिनिटे साधारणपणे पुरतात.

लावण्यापूर्वी दर वेळी तीन गोष्टी : झाकणातील वाफेचे छिद्र उजेडाकडे धरून आरपार दिसते का, रबरी रिंग कडक किंवा सैल झालेली नाही ना, तळाशी पाणी आहे ना. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून भांडे पाण्यासह निम्म्याहून जास्त भरू नये.

उघडण्याची घाई हीच मोठी चूक. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडण्याची सवय अनेकांना आहे. ती इथे सोडवावी. गॅस बंद करून कुकर जागेवरच ठेवावा आणि तोवर कोशिंबीर करावी. शिट्टी हलवल्यावर सूं असा आवाजही येत नसेल, तेव्हाच झाकण उघडावे, आणि तेही चेहरा बाजूला ठेवून.

८. पाचवा आणि सहावा दिवस : फोडणी

फोडणीला दोन दिवस द्यावेत. कढत तेल, उडणारी मोहरी आणि पाच-दहा सेकंदांत घ्यायचे चार निर्णय, असे सगळे तिच्यात एकत्र येते. जिला फोडणी जमली तिला मराठी स्वयंपाकातले पुढचे निम्मे काम पुन्हा आपलेसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

तयारी तेल तापवण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी. मिसळणाचा डबा उघडून उजव्या हाताला, चिरलेला कांदा कोरड्या ताटलीत, कढीपत्ता धुऊन फडक्यावर टिपलेला. ओला कढीपत्ता हे तेल उडण्याचे नेहमीचे कारण. कढईची मूठ ओट्याच्या बाहेर डोकावता कामा नये.

तेल एक टेबलस्पून. मध्यम आच. एकच मोहरी टाकून पाहावी : तडतडली तर बाकीची टाकावी, नुसती पडून राहिली तर थांबावे. दृष्टी अधू असलेल्यांनी आवाजावर जावे आणि त्यासाठी एक्झॉस्ट पंखा तेवढ्यापुरता बंद ठेवावा. मोहरी टाकताच झाकण तिरके धरावे. तडतड ओसरली की गॅस बंद करावा, आणि मगच हिंग, हळद, तिखट घालावे. तेल तसेच गरम असते, मसाला करपत नाही आणि पुढच्या निर्णयाला अर्धा मिनिट मिळतो. मग कांदा घालून आच पुन्हा चालू. सुगरणींना हे थांबणे रुचत नाही, ‘आम्ही कधी गॅस बंद करून फोडणी केली नाही’ असे त्या सांगतात, आणि ते खरेच असते. त्यांना सांगावे की हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला की हवे तसे करा. या दोन आठवड्यांत मात्र गॅस बंद.

वरणावर वरून फोडणी ओतायची झाल्यास कढले उचलून पातेल्यावर नेऊ नये. फोडणी कढईतच करून तिच्यात शिजलेली डाळ पळीपळीने घालावी.

दुसऱ्या दिवशी पिठले. पाव वाटी बेसन सव्वा वाटी गार पाण्यात आधीच गुठळ्या मोडून कालवून घ्यावे आणि कांद्याच्या फोडणीत ओतावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात वैरण्याची पद्धत चवीला चांगली असली तरी त्यात वाफेवर हात धरून भराभर ढवळावे लागते. तूर्त ती नको.

सावधान : तेलाने पेट घेतल्यास पाणी टाकू नये. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती हलवू नये. झाकण म्हणूनच नेहमी हाताशी असावे. भाजल्यास बांगड्या आणि अंगठ्या ताबडतोब काढाव्यात, कारण नंतर सूज येते, आणि भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. मोठे भाजणे असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

९. सातवा दिवस : एका माणसाचा अंदाज

वर्ग घेणाऱ्यांना हा टप्पा सुचतच नाही. ज्यांनी आयुष्यभर सहा-सात जणांचा स्वयंपाक केला, त्यांचा अंदाज त्या मापाचा असतो. एकट्यापुरते करायला गेले की मीठ जास्त पडते, भाजी करपते, भात चार वाट्या होतो, आणि मग ‘माझा हातच गेला’ असा निष्कर्ष निघतो. हात गेलेला नसतो, भांडे मोठे असते. त्यातच वयाबरोबर चव आणि वास कमी कळू लागतात, त्यामुळे जिभेवर विसंबून घातलेले मीठ वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे सपाट छोटा चमचाभर आणि तेही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून.

म्हणून सातव्या दिवशी प्रत्येकाने स्वतःची एक वाटी आणि एक छोटा चमचा घरून आणावा आणि एवढीच दोन मापे वापरावीत. मुगाची खिचडी : अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच वाट्या पाणी, दात नसतील तर तीन. मीठ सपाट अर्धा चमचा. ही माणसी दोन वेळची होते. उरलेला भाग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या वेळी वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावा. शिजवलेला भात ठाण्याच्या दमट हवेत दिवसभर ओट्यावर ठेवणे वृद्धांच्या पोटाला परवडणारे नाही.

खरेदीचाही अंदाज बदलावा लागतो. जांभळी नाक्यावरून एकदम पाच-पाच किलो धान्य आणण्याची सवय जात नाही, आणि पावसाळ्यात एकट्याच्या घरात बेसनाला जाळी धरते. अर्धा किलो आणावे. काकांना मात्र याच दिवशी सगळ्यात कमी अडचण येते, कारण त्यांना विसरण्यासारखा जुना अंदाज नसतो.

पोळी या क्रमात नाही, हे लक्षात आले असेल. कणीक मळणे आणि लाटणे मनगट व खांद्याला जड जाते, आणि पहिल्याच महिन्यात बिघडलेली पोळी मन खचवते. ज्यांना हवीच असेल त्यांनी भिजवलेल्या पिठाची धिरडी करावीत.

१०. आठवा दिवस त्यांच्या घरी

शेवटचा वर्ग सभागृहात घेऊ नये. मदतनिसाने ठरलेल्या तासाला प्रत्येकाच्या घरी जावे, स्वयंपाकघराबाहेर बसावे आणि आत पाऊल टाकू नये. पदार्थ त्यांनी निवडावा. फोडणीचा वास आला, मग ‘बंद’ ऐकू आले, की आत जाऊन दोन ठिपके जुळले आहेत का तेवढे पाहावे आणि पानावर बसावे. प्रशस्तिपत्रक, फोटो आणि समारोप यांत वेळ घालवू नये.

त्यानंतर पंधरा दिवस एक दिवसाआड फोन करावा. ‘जमतंय ना?’ असे विचारू नये, त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘काल काय केलं होतंत?’ असे विचारावे. लागोपाठ तीन फोनवर पदार्थाचे नाव सांगता आले नाही तर घरी चक्कर मारावी आणि आधी कप्पा उघडून पाहावा. बहुतेक वेळा त्यांचे डबे पुन्हा वरच्या कपाटात गेलेले असतात.